गिटारचा ब्रिज उचलू लागला, की…

पहिली तक्रार येते ती बोटांकडून. बाराव्या फ्रेटच्या आसपास तारा उंच वाटू लागतात, बार कॉर्ड धरताना जास्त जोर लागतो, आणि खुल्या तारा नीट जुळवल्या तरी वरच्या फ्रेटवरचे सूर किंचित चढे लागतात. बहुतेक जण दोष गळ्याला देतात आणि ट्रस रॉड पिळायला घेतात. त्याआधी गिटार टेबलावर आडवी ठेवून ब्रिजच्या मागच्या, म्हणजे बुडाकडच्या, कडेखाली वहीच्या कागदाचा कोपरा सरकवून पाहावा. कागद जेमतेम एक मिलिमीटर जाऊन अडला तर काळजीचं कारण नाही. तीन-चार मिलिमीटर किंवा त्याहून आत शिरला, तर ब्रिज सुटू लागला आहे. मग तारा त्याच दिवशी सैल कराव्यात, कारण सुटायला लागलेला ब्रिज मध्येच थांबत नाही.

तो का थांबत नाही हे कळायला तंबोऱ्याकडे पाहावं. तंबोऱ्याच्या तारा खाली लंगोटाला अडकवलेल्या असतात आणि घोडीवरून नुसत्या जातात. त्यामुळे तारांचा ताणच घोडीला तबलीवर दाबून धरतो. अकूस्टिक गिटारच्या तारा मात्र ब्रिजमध्येच संपतात. हलक्या जाडीच्या स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण सत्तर किलोच्या पुढे जातो, आणि तो रात्रंदिवस चालू असतो. शिवाय तारा तबलीपासून बारा-तेरा मिलिमीटर उंचीवरून ओढतात. म्हणून ब्रिज पुढे कलायला बघतो. त्याची पुढची कड तबलीत दबते आणि मागची वर येते. चांगला गोंद सरळ सरकवणाऱ्या ओढीला सहज पुरून उरतो, पण सोलणाऱ्या ओढीपुढे तो कमजोर पडतो, कारण तेव्हा सगळा भार कडेच्या एका बारीक रेघेवर येतो. ती रेघ सुटली की पाळी पुढच्या रेघेची.

मग ब्रिज जाडजूड करून चार बाजूंनी स्क्रूने का आवळत नाहीत? कारण गिटारचा आवाज याच जागेतून निघतो. तारांची थरथर ब्रिज तबलीला देतो, आणि तबली हवेला. तबली स्प्रूसची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आणि ब्रिज तीसेक ग्रॅमचा. इथे वाढवलेला प्रत्येक ग्रॅम आवाज दाबतो. सॅक्सनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत गेलेले सी. एफ. मार्टिन यांच्या गिटारमध्ये १८४० च्या दशकात तबलीखाली इंग्रजी एक्स अक्षरासारखी आडवी-तिडवी पट्ट्यांची बांधणी आली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. स्टीलच्या तारा सर्रास झाल्या त्या १९२० च्या दशकात, आणि हीच बांधणी तो वाढीव ताण पेलायला उपयोगी पडली. ब्रिजच्या बरोबर खाली, तबलीच्या आतल्या बाजूला, मेपलची किंवा शिसवीची एक पट्टी असते. तिला ब्रिज प्लेट म्हणतात. तारांच्या टोकाचे मणी या पट्टीला टेकून बसतात. ब्रिज स्वतः बहुधा शिसवीचा किंवा एबनीचा असतो. गिटारवाले ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात, ती आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसवच आहे.

ब्रिज सुटण्याची कारणं ठरावीक आहेत. सगळ्यात मोठं कारण उष्णता. कारखान्यांत वापरला जाणारा पिवळा गोंद साठ-पासष्ट अंशांच्या पुढे नरम पडू लागतो, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत एवढी उष्णता सहज तयार होते. दुसरं कारण हवा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तबली आक्रसते, मुंबईच्या पावसाळ्यात फुगते आणि ब्रिजमागे पोट काढते. तबली वाकली की सपाट ब्रिज तिच्याबरोबर वाकायला तयार नसतो, आणि तो झगडा गोंदाच्या रेघेवर येतो. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता गिटारला मानवते. आपल्याकडे घरोघरी दिसणारं तिसरं कारण म्हणजे क्लासिकल गिटारला चढवलेल्या स्टीलच्या तारा. ते वाद्य नायलॉनच्या तारांसाठी, म्हणजे जवळजवळ निम्म्या ताणासाठी बांधलेलं असतं. अशा गिटारचा ब्रिज कितीही नीट बसवला तरी तारा बदलल्याशिवाय तो टिकणार नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगावं.

फट दिसली की तिच्यात सिरिंजने गोंद भरून वर क्लॅम्प लावावा, हा मोह सगळ्यांनाच होतो. मी या उपायाच्या साफ विरोधात आहे. त्या फटीत जुना वाळलेला गोंद, धूळ आणि पॉलिश बसलेलं असतं. नवा गोंद त्यांनाच धरतो, लाकडापर्यंत पोचतच नाही. झटपट चिकटणारा गोंद तर त्याहून वाईट, कारण तो तबलीच्या धाग्यांत शिरतो आणि पुढे ब्रिज खरोखर काढायची वेळ आली की लाकूड सोबत घेऊन येतो. अर्धवट सुटलेला ब्रिज आधी पूर्ण काढावा लागतो. लाकडाला लाकूड उघडं भिडलं तरच सांधा धरतो.

काढण्याआधी आतून पाहणी करावी. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च आत घालून ब्रिज प्लेटला चीर गेली आहे का, आतली एखादी पट्टी सुटली आहे का, ते बघावं. बोटाने टिचकी मारत गेलं की सुटलेली पट्टी खरखरते. ब्रिजवर शोभेचे पांढरे ठिपके असतील तर त्यांच्याखाली बोल्ट लपलेले नाहीत ना, हेही तपासावं. काही कारखाने, १९६० च्या दशकातल्या काही गिब्सनसुद्धा, ब्रिजला बोल्ट लावत. ते न काढता सुरी घातली तर तबली फाटते. सॅडल काढून ठेवावं, आणि त्याखाली पिकअपची पट्टी असेल तर तीही ओढून घ्यावी. उष्णतेने ती निकामी होते.

आता ब्रिजच्या चारी बाजूंनी मास्किंग टेप लावून त्याची जागा पक्की करावी. पुठ्ठ्यात ब्रिजच्या आकाराचं भोक पाडून, त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल चढवून, तो पुठ्ठा भोवतीच्या पॉलिशचं रक्षण करायला ठेवावा. मोठ्या वर्कशॉपमध्ये रबराचं विजेवर तापणारं पॅड असतं. घरी कपड्यांच्या इस्त्रीची ऊब ब्रिजला द्यावी. ब्रिज हात ठेवता येणार नाही इतका तापला, की मागच्या कोपऱ्यातून पुट्टी लावायच्या पातळ पट्टीचं टोक आत सारून पाहावं. पट्टीच्या कडा आधी काचकागदावर घासून गोलसर केलेल्या असाव्यात. धारदार पातं इथे शत्रू आहे.

या टप्प्यावर मी सगळ्यात हळू जातो. तबली सहसा एकाच फळीच्या दोन फाकांची असते. पुस्तक उघडावं तशा त्या शेजारी-शेजारी उघडून चिकटवलेल्या असतात. त्यामुळे स्प्रूसचे धागे एका अर्ध्यात गळ्याच्या दिशेने खाली बुडतात, तर दुसऱ्यात बुडाच्या दिशेने. पट्टी धाग्यांच्या विरुद्ध गेली की ती गोंदाची रेघ सोडून लाकडात घुसते. म्हणून एका बाजूला पट्टी मागून पुढे, तर दुसऱ्या बाजूला पुढून मागे चालवावी लागते. हाताला ते कळतं. गोंदात पट्टी घट्ट पण सारखी सरकते, आणि लाकडात शिरली की बारीक करकर ऐकू येते. ती ऐकू आली की थांबावं, पट्टी काढून दुसऱ्या बाजूने यावं. गोंद पुन्हा कडक झाला तर पुन्हा ऊब द्यावी, पण फार वेळ नाही. तीच उष्णता खालच्या ब्रिज प्लेटचा गोंदही सोडवू शकते.

ब्रिज हातात आला की तो उलटा करून बघावा. त्याच्या पाठीवर स्प्रूसचे पिवळसर धागे चिकटलेले दिसले तर ते तबलीतून उपटून आले आहेत. ते टाकू नयेत. ब्लेडने अलगद सोडवून, जिथून निघाले त्या खड्ड्यात, त्याच दिशेने परत चिकटवावेत आणि वर वजन ठेवावं. खड्डे तसेच राहिले तर सांध्यात पोकळी राहते, आणि ती गोंदाने भरून निघत नाही. गोंद अगदी पातळ थरातच ताकद देतो.

मग दोन्ही पृष्ठं उघड्या लाकडापर्यंत स्वच्छ करायची. इथे बऱ्याच कारखान्यांतल्या गिटारींचं गुपित सापडतं. ब्रिजखालचं पॉलिश खरवडताना घाई केलेली असते, आणि कडेच्या आतल्या बाजूने दीड-दोन मिलिमीटरची पॉलिशची चौकट तशीच राहिलेली असते. म्हणजे जिथे सोलणारी ओढ सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच लाकडाची पकड नाही. सुरुवातीच्या तपासणीत मिलिमीटरभर जाऊन अडणारा कागद याच चौकटीत शिरत असतो. ब्रिज जागेवर ठेवून त्याच्या कडेने टोकदार चाकूने हलकी रेघ ओढावी आणि रेघेच्या किंचित आतपर्यंतचं पॉलिश चपट्या पटाशीने खरवडून काढावं. चाकू लाकडात जाता कामा नये. स्प्रूसचे कापलेले धागे पुढे तिथूनच तडकतात. तबलीवर काचकागद शक्यतो वापरू नये. तो कडा गोल करतो.

तबली कधीच पूर्ण सपाट नसते. तिला बांधतानाच थोडा फुगीरपणा दिलेला असतो. ब्रिजचा तळ त्या फुगीरपणाशी तंतोतंत जुळवायला तबलीवर ब्रिजच्या जागी काचकागद खरखरीत बाजू वर करून चिकटवतात, आणि त्यावर ब्रिज अगदी थोडा पुढे-मागे घासतात. तळावर पेन्सिलच्या रेघा मारून ठेवल्या तर कुठे घासलं जातंय ते दिसतं. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या की काम झालं. नंतर ब्रिज कोरडाच क्लॅम्प करून चारी बाजूंनी पतंगाच्या कागदाची पट्टी फिरवावी. ती कुठे आत गेली तर परत घासायला बसावं. हे काम अर्धा दिवस खातं, आणि खायलाच हवं. कारण क्लॅम्पच्या जोराने वाकवून बसवलेला ब्रिज पहिल्या दिवसापासून परत सरळ व्हायला झटत राहतो.

गोंदाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. जुन्या वाद्यांना सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला गरम गोंद, सर्वोत्तम. तो वाळला की काचेसारखा कडक होतो आणि ताणाखाली सरकत नाही. पण तो साठ अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो आणि लावल्यावर मिनिटभरात क्लॅम्प बसवावे लागतात. ज्याने सरस कधी हाताळलेला नाही त्याने लाकूडकामाचा पिवळा गोंद घ्यावा. सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद टेबल-खुर्चीला ठीक आहे, पण सतत चालणाऱ्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. इपॉक्सीही नको, कारण पुढच्या दुरुस्तीला वाट ठेवली पाहिजे.

गोंद लावण्याआधी एक रंगीत तालीम करावीच. साउंडहोलमधून आत पोचणारे लांब जबड्यांचे तीन क्लॅम्प, आतल्या पट्ट्यांना न लागणारा लाकडी ठोकळा, सगळं जागेवर बसतंय का ते बघावं. मग तळावर पातळ, सारखा थर पसरावा. पंखा बंद ठेवावा, हातात चार-पाच मिनिटंच असतात. पहिल्या आणि सहाव्या तारेच्या भोकांत मेण लावलेल्या पिना घातल्या की ब्रिज घसरत नाही. क्लॅम्प धरले की पिना लगेच काढून घ्याव्यात. चारी बाजूंनी गोंदाचे बारीक मणी सारखे बाहेर आले पाहिजेत. जिथे आले नाहीत तिथला क्लॅम्प थोडा आणखी आवळावा. बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने टिपावा आणि गिटारला चोवीस तास हात लावू नये.

तारा चढवताना तारेचं टोक किंचित वाकवून भोकात घालावं, पिन दाबत असताना तार वर ओढावी. मणी ब्रिज प्लेटला टेकल्याचा ठोस धक्का हाताला लागतो. मणी पिनच्या टोकाला अडकून राहिला तर तार जुळवताना पिन वर येते आणि प्लेटचं भोक झिजत जातं.

गिटार सुरात आल्यावर तारांची उंची परत मोजावी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. ब्रिज उचललेला असताना कुणी उंची कमी करायला सॅडल घासलेलं असेल, तर आता तारा खाली बसून फ्रेटवर झणझणतील. अशा वेळी घासलेल्या सॅडलखाली कागद-पुठ्ठा भरू नये. हाडाचं नवं सॅडल कोरून घ्यावं.