वॉरंटी संपली? मग तुमचा धंदा इथून सुरू!

आज सौंदडचंच उदाहरण घेऊ. गाव राष्ट्रीय महामार्ग 53 वर, आजूबाजूला धानाचा पट्टा. राइस मिल असो, पतसंस्था असो की कृषी केंद्र, हिशेब आता कॉम्प्युटरवर. कुठे खरा सर्व्हर असतो, कुठे साधा पीसीच चोवीस तास सर्व्हरचं काम करतो. सर्व्हरची वॉरंटी साधारण तीन वर्षं. आणि जीएसटीचे हिशेब जपायचे किती? वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने! म्हणजे मशीन आधी थकतं, हिशेबाची जबाबदारी मागे राहते.

वॉरंटीनंतरची देखभाल करणारा माणूस नागपूरहून यायचा तर शंभराच्या वर किलोमीटर. तुम्ही गावातच आहात, हेच तुमचं भांडवल.

आधी बिघडतं काय? हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, पंखे, यूपीएसची बॅटरी. मिलमध्ये कोंड्याची धूळ आणि वर मे महिन्याचं ऊन, त्यामुळे पंखे-फिल्टर साफ करणं हेच अर्धं काम. डिस्कचं मात्र नीट समजून घ्या. दोन डिस्कवर एकच डेटा लिहिला जातो, त्याला रेड-1 म्हणतात. एक गेली तरी काम चालू राहतं, म्हणून कोणी बघतच नाही. लाल दिवा महिनाभर लुकलुकतो आणि ऐन कापणीत दुसरीही जाते. मालक म्हणतो, "अरे, दोन डिस्क होत्या ना?" होत्या हो! पण तो बॅकअप नव्हता. चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातून फाइल परत उघडून दाखवा. मालकासमोर.

एएमसी करताना सुटे भाग धरून की वेगळे, किती तासांत पोहोचणार, हे कागदावर घ्या. तोंडी करारात माझ्या मते नवखे उद्योजकच मार खातात. एक डिस्क आणि एक पॉवर सप्लाय स्वतःजवळ ठेवा.

बदलायचा कधी? सुटे भाग मिळेनासे झाले किंवा सॉफ्टवेअरचा सपोर्ट संपला की. विंडोज सर्व्हर 2012 चा 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. बदल पोळ्याच्या सुमारास करा, कापणीत नको. जुना-नवा पंधरा दिवस सोबत चालवा. जुनी डिस्क भंगारात देण्याआधी पूर्ण पुसा, त्यात गिऱ्हाइकांची खाती असतात.

कराराचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो.