कॉफीचं जातं घेताना



महाराष्ट्र तसा चहाचा. पण हल्ली आपल्याही घरांत कॉफीच्या भाजलेल्या बिया येऊ लागल्या आहेत. कुणी चिकमगळूर, कूर्गच्या सहलीहून आणतं, कुणी अराकूहून मागवतं, आणि आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते बरं का! बिया घरात आल्या की प्रश्न पडतो, दळायच्या कशात? मग दुकानात किंवा मोबाइलवर ग्राइंडर बघायला लागलं की हजार-दीड हजारापासून पंधरा-वीस हजारांपर्यंत किमती दिसतात आणि डोकं चक्रावतं. म्हणून आज आपण बघूया, पैसे नेमके कशासाठी मोजायचे आणि कशासाठी मोजायचे नाहीत.

आधी हे समजून घेऊ, की मिक्सर असताना वेगळं यंत्र हवंच कशाला? मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडतं. जी बी पात्याखाली वारंवार येते तिचं पीठ होतं, जी कडेला राहते तिचे तुकडे राहतात. आता यावर गरम पाणी ओतलं की काय होतं? पिठातून पाणी सगळं ओढून घेतं, नको तो कडवटपणासुद्धा. जाड तुकड्यांतून मात्र चव पुरती उतरतच नाही, तिथली कॉफी आंबटसर आणि पाणचट. एकाच कपात कडूही आणि पाणचटही! आपण म्हणतो बियाच वाईट होत्या. बिया चांगल्याच असतात, दळण बिघडलेलं असतं.

बर ग्राइंडर म्हणजे काय, तर आपलं जातंच. जात्याला दोन तळ्या, तशा याला दात असलेल्या दोन चकत्या. एक स्थिर, एक फिरती. दोन्हींमधल्या फटीतून बी गेली की त्या फटीएवढीच होऊन बाहेर पडते. फट कमी केली की दळण बारीक, वाढवली की भरड. म्हणजे या यंत्रात आपण पैसे मोजतो ते कणांच्या एकसारखेपणासाठी. रंग, आकडे दाखवणारा पडदा, चकचकीत डबी, हे सगळं नंतरचं.

इथे एक सावधगिरी. खोक्यावर ‘कॉफी ग्राइंडर’ लिहिलंय म्हणून आत चकत्या असतीलच असं नाही. झाकण उघडून बघा. तळाशी दोन पंखांचं पातं दिसलं, तर तो छोटा मिक्सरच. तो तुमच्या घरी आधीच आहे. त्यासाठी पुन्हा पैसे घालवू नका.

आता निवडायचं कसं? सुरुवात यंत्रापासून करू नका, भांड्यापासून करा. तुमच्या घरी कॉफी कशात होते? दांडा दाबायच्या काचेच्या भांड्यात, म्हणजे फ्रेंच प्रेसमध्ये होत असेल, तर दळण जाड रव्यासारखं लागतं. कागदाच्या गाळणीतून वरून पाणी ओतत असाल, तर बारीक रव्यासारखं. दक्षिणेकडच्या स्टीलच्या फिल्टरला त्याहून थोडं बारीक. तिथे फार बारीक झालं तर भोकं बुजतात आणि डिकॉक्शन उतरतच नाही. जाड राहिलं तर पाणी भराभर खाली येतं आणि डिकॉक्शन पातळ होतं. या तिन्हींसाठी मध्यम किमतीचा हाताचा ग्राइंडर पुरतो. एस्प्रेसोच्या यंत्राला मात्र फार बारीक दळण लागतं आणि फटीत केसभर फरक झाला तरी चव बदलते. ग्राइंडर महाग होतो तो बरेचदा यासाठी. घरात एस्प्रेसोचं यंत्र नसेल, तर त्या सोयीचे पैसे तुम्ही कशाला द्यायचे?

दुसरा प्रश्न, आणि हा खरेदीआधी घरात मोकळेपणाने विचारा: रोज सकाळी दळणार कोण? हाताच्या ग्राइंडरमध्ये एका वेळी साधारण वीस ते तीस ग्रॅम बिया मावतात आणि दळायला एक-दोन मिनिटं लागतात. एका-दोघांच्या कॉफीला हे ठीक आहे. पण पाच माणसांच्या घरात दोन-तीन घाणे काढावे लागतील. त्यात सकाळी डबे, शाळा, पाणी भरणं. विजेची गिरणी आली तेव्हा बायकांच्या हातातलं जातं सुटलं. हौस एकाची आणि खुंटा दुसरीच्या हातात, असं पुन्हा व्हायला नको. ज्याला ताजी कॉफी हवी त्याने दळावं, हे आधीच ठरवून घ्या. मनगट किंवा बोटांचे सांधे दुखत असतील, तर हाताचा ग्राइंडर घेऊच नका. कमी भाजलेल्या बिया चांगल्याच कडक असतात. अशा वेळी विजेवरचा घ्या, फक्त त्याचा आवाज होतो, हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट चकत्यांची. स्वस्त ग्राइंडरमध्ये त्या बहुधा सिरॅमिकच्या असतात. गंजत नाहीत, पण बियांत एखादा खडा आला तर दात तुटू शकतो. स्टीलच्या चकत्या बिया झटपट कापतात, पण ओल्या राहिल्या तर गंज धरू शकतात. परवडत असेल तर हाताच्या ग्राइंडरला स्टीलच्या बघा, मेहनत कमी पडते. मात्र चकती कशाचीही असो, मधला दांडा पक्का हवा. ग्राइंडर हातात घेऊन दांडा आडवा हलवून बघा. तो डगडगत असेल, तर फट एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होणार, म्हणजे दळण पुन्हा मिक्सरसारखंच. शिवाय चकत्या सुट्या करता येतात का आणि सुटे भाग मिळतात का, तेही विचारा.

घरी आणल्यावर थोड्या बिया दळून पांढऱ्या कागदावर पसरा. थोडी भुकटी कुठल्याही ग्राइंडरमध्ये पडतेच. पण पीठ आणि अख्खे तुकडे शेजारी शेजारी दिसले, तर परत करायची मुदत असतानाच परत करा. पसंत पडला तर हाताच्या ग्राइंडरची चकती घट्ट बसेपर्यंत फिरवा, ते शून्य. तिथून किती टिचक्या मागे आल्यावर तुमची कॉफी जमते, ते कागदावर लिहून डब्याला चिकटवा. कॉफी कडू लागली तर एखादी टिचकी जाड करा, पाणचट लागली तर बारीक.

यात मसाला, मिरी, सुंठ काहीही दळू नका, वास जाता जात नाही. साफ करायला कोरडा ब्रश पुरे. महिन्यातून एकदा चकत्या सोडवून झटका, कारण बियांचं तेल साचून खवट होतं. चिकोरी आवडत असेल, तर तिची तयार पूड आणून दळलेल्या कॉफीत मिसळा. तयार पुड्या घेत असाल, तर पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. आपल्याकडे कायद्याने ते 49 टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे जवळजवळ अर्धे पैसे तुम्ही चिकोरीचे देत असाल!

आणि शेवटी महत्त्वाचं. ग्राइंडर घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही. मुंबईत माटुंग्याला जशी दुकानं आहेत, तसं समोर बिया दळून देणारं दुकान तुमच्या गावात असेल, तर त्यांचं यंत्र चकत्यांचंच असतं. ‘स्टीलच्या फिल्टरसाठी दळा’ असं सांगा, आणि एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या. दळलेल्या कॉफीचा वास दिवसागणिक उडतो, अख्ख्या बियांचा त्यामानाने टिकतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. आठवड्यातून एकदा कॉफी करणाऱ्या घराला एवढं पुरे. रोज करणाऱ्या घराने मात्र चांगला ग्राइंडर एकदाच घ्यावा आणि नीट सांभाळावा.

तुमच्या घरी कॉफी कशात होते आणि दळतं कोण, ते आम्हाला जरूर कळवा.