वैद्यकीय प्रवेशापूर्वीची सुट्टी : वैद्य-पालकांनी करावयाचे नियोजन

नीटची परीक्षा साधारणतः मे महिन्याच्या आरंभी होते आणि अनेक वैद्यबंधूंच्या व औषधविक्रेत्या स्नेह्यांच्या घरी एकच प्रश्न उभा राहतो : बी.ए.एम.एस.ला जाऊ पाहणाऱ्या पाल्याने ही सुट्टी कशी घालवावी? आयुष अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या एम.बी.बी.एस.च्या फेऱ्यांमागून चालतात. त्यामुळे ही सुट्टी नावापुरतीच उन्हाळ्याची. ग्रीष्म सरतो, वर्षा सरते, अनेकदा शरदही उजाडतो. एवढा काळ योजनेविना दवडणे योग्य नव्हे. या दृष्टीने काही विचार येथे मांडत आहोत.

१) प्रथम शास्त्रपरीक्षा

वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी व त्यानंतर आचार्याची, असा क्रम चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितला आहे. ही परीक्षा शिकणाऱ्याने स्वतः करावयाची आहे, त्याच्या पित्याने नव्हे.

काही वर्षांपूर्वी एक औषधविक्रेते स्नेही मुलास घेऊन आमच्याकडे आले. एम.बी.बी.एस. हुकले होते. "दुकान आहेच, आयुर्वेदाला घालून टाकतो," असे ते म्हणाले. मुलगा खाली मान घालून बसला होता. आम्ही त्यास पंधरा दिवस चिकित्सालयात येऊन बसण्यास सांगितले. तो नियमाने आला, आणि अखेरच्या दिवशी आपणांस भौतिकशास्त्र शिकावयाचे आहे, असे त्याने शांतपणे सांगितले. स्नेही आमच्यावर रुष्ट झाले. ते अंतर अद्याप पुरते मिटलेले नाही. तरीही त्या पंधरा दिवसांनी मुलाची साडेपाच वर्षे वाचविली, असेच आमचे मत आहे. उलटपक्षी, नाइलाजाने आलेला विद्यार्थी याच पंधरा दिवसांत शास्त्रात रमल्याचेही आम्ही पाहिले आहे.

२) संस्कृताची पूर्वतयारी

आमची स्वतःची सुट्टी निजण्यात गेली. परिणामी प्रथम वर्षी श्लोक मुखोद्गत होत, परंतु संधी सोडविता येत नसे. अर्थाविना पाठ केलेले परीक्षेनंतर टिकले नाही. २०२२ च्या नियमावलीनुसार प्रथम व्यावसायिक सत्र अठरा महिन्यांचे असून संहिता अध्ययन तेथूनच सुरू होते. म्हणून प्रतिदिन एक तास संधी, विभक्ती व समास यांना द्यावा. त्यासह अष्टांगहृदय सूत्रस्थानातील दिनचर्या व ऋतुचर्या हे दोन अध्याय, रोज चार-पाच श्लोक या गतीने, अन्वय लावून वाचावेत. ऋतुचर्या वाचताना बाहेर तोच ऋतू चालू असतो, हा लाभ लहान नव्हे.

३) द्रव्यपरिचय

वैशाखात बहावा फुललेला असतो. पहिल्या पावसानंतर टाकळा, पुनर्नवा, भुईआवळी, माका उगवतात. मुलाने वही करावी : स्थानिक नाव, संस्कृत नाव, स्थान, दिनांक, पानाफुलाचे रेखाचित्र. औषधविक्रेत्यांनी दुकानातील शुष्क द्रव्ये त्याच्यापुढे मांडून गंध, स्पर्श व तोडल्यावरचा रंग यांवरून ओळख करून द्यावी. ओली गुळवेल आणि वाळलेली गुळवेल एकच आहे, हे हातात घेतल्यावाचून कळत नाही.

४) चिकित्सालय व दुकान : मर्यादा

मुलाने रुग्णाच्या अनुमतीनेच बसावे, ऐकावे, बाहेर वाच्यता करू नये. नाडी पाहणे, औषध सुचविणे, पुड्या बांधून देणे त्याच्याकडे मुळीच सोपवू नये. वत्सनाभ, कुचला, बिब्बा यांसारखी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(१) मध्ये आहेत. ती असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. घरचे दुकान म्हणून बारावी झालेल्या मुलास गल्ल्यामागे उभे करण्याचा प्रघात, म्हणूनच, आम्हांस घातक वाटतो. त्यापेक्षा सुश्रुताचार्यांच्या योग्यासूत्रीय अध्यायाचे स्मरण करून द्यावे. शस्त्रकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. माणसावर हात चालविण्यापूर्वी फळावर, हा विनय सुट्टीतच शिकता येतो.

५) कागदपत्रे

अधिवास प्रमाणपत्र, तसेच लागू असल्यास जातवैधता व नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र यांस वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच अर्ज करावेत. चांगले गुण असूनही केवळ एका दाखल्यापायी जागा जाणे फार क्लेशकारक असते.

सारांश, सकाळी संस्कृत, आठवड्यातून दोन दिवस चिकित्सालय, एक दिवस वनस्पती, आणि उरलेला वेळ खेळ व विश्रांती, एवढे पुरे. दोन वर्षांच्या शिकवण्यांनी थकलेल्या मुलास पुन्हा शिकवणीला जुंपू नये. मात्र पहिल्याच आठवड्यात त्यास समोर बसवून विचारावे, "तुला वैद्य व्हायचे आहे का?" आणि उत्तर नकारार्थी आले, तरी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.