'गेलो होतो' आणि 'हॅड गॉन': मराठी भाषक व इंग्रजी सहायक क्रियापदे

'मी काल सांगलीला गेलो होतो' या साध्या वाक्याचे इंग्रजी रूपांतर सातारा-सांगलीकडील विद्यार्थी बहुधा 'आय हॅड गॉन टू सांगली यस्टर्डे' असे करतो. परीक्षक त्यावर रेघ ओढतो. परंतु शब्दास शब्द दिला असता दोष कोठे उरला, हे विद्यार्थ्यास क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार करावयाचा आहे.

'तो सांगलीला गेला आहे' असे म्हटले म्हणजे सामान्यतः तो अद्याप तेथेच आहे असे आपण समजतो. 'गेला होता' म्हटले की तो परतलाही. नुसते 'गेला' हे रूप हकीकतीच्या ओघात शोभते. ते एकटे उभे राहिले तर श्रोता 'मग?' म्हणून पुढील घटनेची वाट पाहतो. म्हणून सुटी बातमी सांगताना मराठी भाषक सहजच 'होतो', 'होता' यांचा आश्रय घेतो. क्रिया संपली आणि तिचा परिणामही मागे पडला, एवढेच त्यातून सुचवावयाचे असते. आमच्याकडील बोलीत तर हे सहायक क्रियापद मूळ रूपात विरघळून 'गेलतो', 'आलता' असा एकच शब्द होतो. तेथे पूर्वापर क्रमाची शंकाही कोणाच्या मनात येत नाही.

इंग्रजी 'हॅड'चे कार्य निराळे आहे. भूतकाळातील एक क्षण आधी दृष्टीपुढे ठेवावयाचा आणि त्याच्याही पूर्वीची क्रिया सांगावयाची, यासाठी त्याची योजना होते. 'मी मिरजेस पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' या वाक्यात दोन्ही भाषांचे प्रयोग जुळतात, आणि हा योगायोगच घातक ठरतो. कारण त्यावरून 'पूर्णभूतकाळ' या एकाच नावाखाली दोन्ही रूपे शेजारी मांडण्याचा शालेय प्रघात पक्का होतो. त्यापेक्षा विद्यार्थ्याने 'कशाच्या आधी?' असे स्वतःस विचारावे. उत्तर वाक्यात वा संदर्भात असेल तर 'हॅड' चालेल. नसेल तर साधे 'वेन्ट' पुरे. 'तो काल आला आहे' हे मराठीत निर्दोष असले, तरी इंग्रजी 'हॅज' मात्र 'यस्टर्डे'शी नांदत नाही, हेही येथेच सांगून ठेवावे.

'डिड नॉट वेन्ट' ही चूक वेगळ्या जातीची. 'मी गेलो नाही', 'ते गेले नाहीत' यांत भूतकाळ मुख्य क्रियापदाकडेच राहतो. 'नाही' केवळ पुरुष-वचनानुसार बदलते. इंग्रजीत काळाचा भार 'डिड'वर जातो व मुख्य धातु मूळ रूपात उरतो. स्पॅनिश भाषकही याच ठिकाणी अडखळतो, कारण त्याच्या भाषेत 'फ्वी' म्हणजे 'गेलो' आणि 'नो फ्वी' म्हणजे 'गेलो नाही'; 'डू'सारखा मदतनीस त्यासही ठाऊक नाही. गंमत अशी की शेक्सपिअरच्या काळी (1564-1616) खुद्द इंग्रजीतही 'आय नो नॉट' ही रचना रूढ होती. 'डू' नकारात व प्रश्नात कसे स्थिरावले, याचा सविस्तर अभ्यास एलेगोर्ड यांनी 1953 साली प्रसिद्ध केला. प्रश्नार्थक वाक्याचे दुखणेही याच मुळाचे: मराठी भाषक वाक्याच्या शेवटी 'का' जोडून मोकळा होतो, तर इंग्रजीत 'डिड'ला कर्त्याच्या आधी यावे लागते.