मृगशिंगांचे नवल

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख उपलब्ध आहे. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. आज इथे रान उरलेले नाही; हरिण दिसले तर ते दाक्षिणात्य शिवमूर्तीच्या हाती! तरीही गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाखेत हरणाचाच विषय निघाला.

हयातीचा दाखला देण्यासाठी आलेले, मूळचे बेळगावकडचे एक वयोवृद्ध खातेदार वॉकरच्या आधाराने माझ्या टेबलाशी आले. खुब्याचे हाड मोडून पाच महिने झाले होते. म्हणाले, “साहेब, एक मुदत ठेव मोडायची आहे.” कारण विचारले तेव्हा त्यांनी खिशातून एक पत्रक काढले. हरणाच्या कोवळ्या शिंगांपासून तयार केलेल्या कॅप्सूल, वर्षभराचा कोर्स, हाडे पुन्हा भरून येण्याची हमी! “हरणाचे शिंग दरवर्षी नवे येते, हे तरी खरे ना?” त्यांनी विचारले.

ते मात्र पूर्णपणे खरे आहे. काळविटाचे शिंग आणि चितळ-सांबराचे शिंग यांना आपण एकच शब्द वापरतो, पण दोहोंत मोठा भेद आहे. काळविटाचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेली, आपल्या नखांसारख्या द्रव्याची टोपी. ती आयुष्यभर टिकते. चितळ-सांबराचे शिंग हे निखळ हाड असते आणि ते ठरावीक काळाने गळून पडते. कपाळाच्या हाडावरील छोट्या खुंटावरून पुन्हा नवे शिंग फुटते. सस्तन प्राण्यांमध्ये एखादा संपूर्ण अवयव असा वारंवार नव्याने उगवण्याचे दुसरे उदाहरण नाही.

वाढीच्या काळात शिंगावर मखमली त्वचा असते; तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खेळत असतात. मोठ्या जातींमध्ये शिंग दिवसाला सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत वाढते! खुंटावरील अस्थि-आवरणात मूलपेशी दडलेल्या असतात. १९७४ मध्ये जर्मन संशोधकांनी हे आवरण हरणाच्या पायावर रोपले, तेव्हा चक्क पायावर शिंग उगवले. टोकाशी आधी कूर्चा तयार होते आणि मागून तिचे हाड बनत जाते. या कामी अनेक प्रथिने राबतात. इन्शुलिनसारखा वृद्धिघटक, म्हणजे ‘आयजीएफ-१’, पेशींना विभाजनाची चालना देतो. दुसरे एक प्रथिन नव्या रक्तवाहिन्या फुटू देते. कूर्चेतील एका प्रकारच्या कोलॅजनची जागा पुढे हाडातील कोलॅजन घेते. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दोन जनुकांवर बोट ठेवले. ‘यूएचआरएफ१’ पेशींची संख्या झपाट्याने वाढविते, तर ‘एस१००ए१०’ त्यांचे कठीण हाडात रूपांतर करण्यास साहाय्य करते. इतकी वेगवान वाढ म्हणजे कर्करोगाचीच पायरी वाटावी. परंतु २०१९ मधील एका अभ्यासानुसार हरणात वाढीची जनुके आणि अर्बुदाला आळा घालणारी जनुके एकाच वेळी जागी असतात. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी हरणाच्या अशा मूलपेशी उंदरांच्या डोक्यावर रोपल्या, तेव्हा ४५ दिवसांत तिथे शिंगासारखी रचना तयार झाली.

शेवटी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढले की शिंग कठीण होते, मखमल सुकून झडते. तेच संप्रेरक ओसरले की खुंटाशी हाड विरघळते आणि शिंग गळते. चितळाला याचा ठरावीक हंगाम नाही; एकाच कळपात मखमली आणि कठीण शिंगांचे नर एकत्र दिसतात. गळलेली शिंगे साळिंदरे कुरतडून खातात. त्यांनाही कॅल्शियम लागतेच.

आम्हा बँकवाल्यांना भावेल अशी गोष्ट निराळीच आहे. शिंगासाठी लागणारे सगळे कॅल्शियम चाऱ्यातून भागत नाही. नर ते आपल्याच बरगड्यांतून उचलतो. त्या काळात त्याची हाडे वृद्ध माणसासारखी विरळ होतात आणि शिंग पूर्ण झाल्यावर ती उचल चाऱ्यातून फेडली जाते. माणसाच्या हाडांना ही परतफेड का जमत नाही, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

“मग कॅप्सूल?” काकांनी विचारले. मी सांगितले, की पोटात गेलेले प्रथिन पचनात तुटते. ते जसेच्या तसे हाडापर्यंत पोहोचत नाही, आणि माणसांवरील चाचण्यांतही या पदार्थाचा ठोस लाभ दिसलेला नाही. शिवाय जंगलात गळलेले शिंग उचलून घरी आणणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरते. ठेव मुदतीला अजून सात महिने होते. आत्ता मोडली असती तर व्याजाला कात्री लागली असती, तेही त्यांच्यापुढे मांडले.

काका थोडा वेळ पत्रकावरचे हरिण न्याहाळत राहिले. “बरगड्या खरंच पुन्हा भरतात त्याच्या?”

“भरतात, काका. चारा पुरेसा मिळाला तर.”

त्यांनी ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात परत घातली आणि हयातीच्या दाखल्याची खिडकी कोणती, ते विचारले.