विहिरीचें पाणी आणि कोळशाची गाळणी

पाणी नितळ दिसलें, वास गेला, चव सुधारली, म्हणजे तें निर्दोष झालें असा समज आपल्यांत फार रूढ आहे. मळ्यांतील घरांत विहिरीच्या पाण्यास कार्बन फिल्टर, म्हणजे कोळशाची गाळणी, बसवून पुष्कळ शेतकरी बंधु याच समजुतीवर निर्धास्त राहतात. म्हणून ही गाळणी काय करिते व काय करीत नाहीं, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

हिच्यांतील कोळसा चुलींतला नव्हे. नारळाच्या करवंट्या किंवा दगडी कोळसा हवा न लागूं देतां भाजतात व मग सुमारें ८०० ते १,००० अंश सेल्सिअस उष्णतेंत त्यावर वाफ सोडतात. त्यामुळें त्यास असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. इतकीं कीं, अवघ्या एका ग्रॅम कोळशाचा एकंदर पृष्ठभाग ५ ते १० गुंठे भरतो. पाणी त्यांतून जातांना कुजक्या पाल्याचा वास, रंग, क्लोरीन व कित्येक कीटकनाशकांचे अंश कोळसा धरून ठेवितो. सेंद्रिय द्रव्यें अशीं पृष्ठभागास चिकटून राहण्याच्या क्रियेस अधिशोषण म्हणतात. पाण्याचा ओघ जितका मंद, तितकें हें काम चांगलें होतें.

परंतु नायट्रेट, फ्लोराइड आणि पाणी जड करणारे क्षार यांस हा कोळसा धरीत नाहीं. रोगजंतूंच्या बाबतींतही त्याचा भरंवसा नाहीं. नायट्रेट तर बहुधा आपण घातलेल्या खतांतून, उकिरड्यांतून व शौचकूपांतूनच विहिरींत झिरपतें. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. अशा पाण्यांत कालविलेल्या दुधानें तान्हीं मुलें निळीं पडतात, हें १९४५ सालीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत डॉ. हंटर कॉमली यांनीं दाखवून दिलें. उकळल्यानेंही नायट्रेट जात नाहीं. पाणी आटून तें उलट वाढतें.

शिवाय छिद्रें भरलीं कीं गाळणी निकामी होते, आणि अडकलेल्या मळावर जंतु पोसतात. विहिरींत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरीचें क्लोरीनही ती काढून घेते. मग गाळून भरून ठेविलेल्या पाण्यास जंतूंपासून संरक्षण उरत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी कीं, गाळणी घेण्यापूर्वीं पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें व पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावें. भारतीय मानकाप्रमाणें नायट्रेटची मर्यादा लिटरास ४५ मिलिग्रॅम आहे; त्याहून अधिक निघाल्यास तें पाणी तान्ह्या मुलास देऊं नये. तेथें कोळसा पुरे पडत नाहीं, आर. ओ. सारखें निराळें यंत्र लागतें. दोष केवळ वासाचा किंवा चवीचा असेल, तर कोळशाची गाळणी बसवावी व कोळसा ठरल्या मुदतींत बदलावा. आणि उकिरडा विहिरीपासून दूर हलवावा; कारण जें पाण्यांत शिरलेंच नाहीं, तें गाळावें लागत नाहीं.