सेतूवरील जवळची वाट

जबलपूरच्या सराफ्यात पेढीवरून कारागिरांकडे दागिन्यांच्या पुड्या पोचविणारा एक नोकर कल्पावा. पहिल्या खेपेस तो नाव विचारील, चिठ्ठी पडताळील. पुढे मात्र वही न उघडता ओळखीच्या दारी सरळ जाईल. वेळ वाचेल खरा; परंतु मधल्या काळात कारागिराने दुकान बदलले असल्यास पुडी भलत्याच्या हाती पडेल.

संगणकांच्या जाळ्यात असेच घडते. माहितीची पॅकेटे एका तारेवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेस सेतू म्हणतात. लिनक्स कार्यप्रणालीचा गाभा जो कर्नल, त्यात असा सेतू आहे. प्रेषकाचा 6 बाइटांचा पत्ता कोणत्या दारातून आला, हे तो टिपतो. त्या पत्त्याकडून 300 सेकंद काहीच न आल्यास सहसा नोंद पुसतो. त्यावर संरक्षणाचे नियम लावले, की प्रत्येक पॅकेटाची चौकशी आलीच. सेकंदास एक अब्ज बिट वाहणाऱ्या तारेवर लहानात लहान पॅकेटे सुमारे 14 लाख 88 हजार येऊ शकतात. एकाच्या वाट्यास सेकंदाचा दशलक्षांशही येत नाही.

म्हणून 2018 साली लिनक्सच्या 4.16 या आवृत्तीत जवळची वाट आली. संवादाच्या पहिल्या पॅकेटांची पूर्ण चौकशी होते, मग त्याची नोंद एका तक्त्यात जाते, आणि पुढची पॅकेटे तक्ता पाहून थेट सुटतात. ही सोय मुळात एका जाळ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या पॅकेटांसाठी होती. ती सेतूवरही आणावी, अशी दुरुस्ती, म्हणजे पॅच, कोणी मांडला की परीक्षकाचे काम सुरू होते.

वेग मोजणे त्यातले सोपे. संगणकाची तार उपसून दुसऱ्या दारात जोडली, तर तक्त्यातील जुनी नोंद कोण पुसणार? नियम कडक केले, तरी आधीच सुटलेला संवाद त्यांच्या कक्षेत येईल काय? एकाच तारेवर अनेक जाळी नांदविण्यासाठी पॅकेटास 4 बाइटांची खूण जोडतात. ती कोठे लावावी, कोठे काढावी? संवाद संपल्याचे सांगणारे पॅकेट तर जुन्याच वाटेने गेले पाहिजे, अन्यथा पहारेकऱ्यास तो संपल्याचे कळणारच नाही. आणि चुकलेले पॅकेट नुसते हरवते असे नाही. ते परक्याच्या दारीही उघडू शकते.

या प्रश्नांची उत्तरे पटेपर्यंत पॅच परत जातो, कधी अनेकदा. पटल्यावर परीक्षक त्याखाली आपले नाव लिहितो, आणि ते कर्नलच्या इतिहासात त्या ओळींबरोबर राहते.